दुरावलेले नाते पुन्हा जुळवताना: मेंदूच्या कलाने जाण्याचा क्रम

नाते सुधारायचे ठरवल्यावर बहुतेक जण सर्वप्रथम बोलायला बसतात. "आज एकदा सगळं स्पष्ट बोलून टाकू" असे म्हणत रात्री उशिरा, दोघेही दमलेले असताना, महिनोन्‌महिने साठलेला हिशेब बाहेर काढला जातो आणि तासाभराने दोघेही आधीपेक्षा जास्त दुरावून उठतात. हेतू चांगला असतो, वाक्येही पुष्कळदा योग्य असतात. चुकतो तो क्रम. समोरच्या माणसापासून आपल्याला धोका आहे की नाही, याचा अंदाज मेंदू शब्दांचा पूर्ण अर्थ लागण्याआधीच आवाज, चेहरा आणि हालचाल यांवरून बांधू लागतो. तो अंदाज 'धोका आहे' असा निघाला, तर पुढची वाक्ये कितीही समंजस असली तरी ती आरोप म्हणूनच ऐकली जातात.

म्हणून खालील टप्पे एका ठरावीक क्रमाने मांडले आहेत: आधी तयारी आणि शरीर, मग लक्ष, मग शब्द, त्यानंतर दुरुस्ती आणि शेवटी सातत्य. घाई असेल तर तिसरा टप्पा भरभर वाचून पुढे गेलात तरी चालेल; दुसरा मात्र कोणत्याही कारणाने गाळू नये, कारण बहुतेकांचे प्रयत्न नेमके तिथेच फसतात.

सुरू करण्याआधी: हा क्रम कुठे वापरू नये

ज्या नात्यात मारहाण, धमकी, पैशांची कोंडी किंवा सतत पाळत आहे, तिथे तुमचा मेंदू देत असलेला धोक्याचा इशारा बरोबर असतो आणि त्याला शांत करणे हे काम नसते. तिथे आधी सुरक्षित जागा आणि विश्वासू माणसाची किंवा व्यावसायिकाची मदत लागते. हा लेख मुळात बऱ्या, पण दुर्लक्षामुळे, गैरसमजामुळे किंवा सततच्या किरकिरीमुळे रुक्ष झालेल्या नात्यांसाठी आहे: जोडीदार, भावंडे, आईवडील आणि मोठी झालेली मुले, जुने मित्र.

टप्पा १: एक माणूस निवडा आणि स्वतःचे अंदाज कागदावर उतरवा

सुरुवात सर्वांत बिघडलेल्या नात्यापासून करण्याचा मोह होतो, कारण तेच सर्वांत जास्त टोचत असते. तो टाळावा. ज्याच्याशी बोलताना तुम्हाला थोडे अवघडल्यासारखे होते, पण ज्याच्या नुसत्या नावाने छातीत धडधडत नाही, असा माणूस निवडावा. या क्रमातील कौशल्ये सोप्या नात्यात अंगवळणी पडली की अवघड नात्यात ती आयत्या वेळी हाताशी राहतात.

निवड झाली की कागद घ्यावा. या पायरीला लोक हसतात आणि ती सोडून देतात, पण तिच्यामागे ठोस कारण आहे. एकाकीपणाचा अनेक वर्षे अभ्यास केलेले अमेरिकी संशोधक जॉन कॅसिओपो आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, बराच काळ एकटे वाटत राहिले की मेंदू माणसांकडून होणाऱ्या नकाराच्या खुणा शोधण्यात अधिक सतर्क होतो. उशिरा आलेले उत्तर, तुटक आवाज, दुसरीकडे वळलेली नजर यांचा तो लगेच 'मी नकोसा आहे' असा अर्थ लावतो. मग माणूस स्वतःच आखडून बोलतो, समोरचाही आखडतो आणि अंदाज खरा ठरल्यासारखा भासतो. एकाकीपणा कमी करण्याच्या उपायांचा २०११ साली जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात माणसांच्या नुसत्या भेटीगाठी वाढवण्यापेक्षा असे चुकीचे अर्थ लावण्याच्या सवयीवर काम करणारे उपाय अधिक परिणामकारक आढळले. तात्पर्य असे की, लोकांत मिसळण्याआधी स्वतःचे अर्थ तपासणे अधिक उपयोगी पडते.

कागदावर तीन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत प्रत्यक्ष घडलेली गोष्ट लिहावी, कॅमेऱ्याला दिसली असती तेवढीच: "मी दोनदा फोन केला, त्याने परत केला नाही." दुसऱ्या ओळीत तुम्ही लावलेला अर्थ लिहावा: "त्याला माझ्याशी संबंध ठेवायचा नाही." तिसऱ्या ओळीत तितकाच शक्य असलेला दुसरा एक अर्थ: "मागच्या वेळच्या वादानंतर काय बोलावे हे त्यालाही सुचत नसेल." तिसरी ओळ खरी आहे असे मानण्याची सक्ती नाही. ती लिहिता आली, एवढ्यानेच दुसऱ्या ओळीची पकड सैल होते.

*तपासा:* पहिल्या ओळीत 'नेहमी', 'कधीच', 'मुद्दाम' यांपैकी एखादा शब्द शिरला असेल, तर ती ओळ घटनेची नाही, अर्थाची आहे. ती पुन्हा लिहावी.

टप्पा २: शरीर आधी शांत करा

वाद तापला की हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळले जातात, ताणाशी संबंधित संप्रेरके रक्तात उतरतात. या अवस्थेत अमिग्डाला हा मेंदूतील धोक्याची दखल घेणारा भाग जोरात असतो आणि विचार, संयम व दुसऱ्याची बाजू समजून घेणे ज्याच्यावर अवलंबून असते त्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे काम मंदावते. जोडप्यांच्या भांडणांचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी यासाठी एक साधी खूण सांगितली आहे: बसल्या जागी नाडी मिनिटाला १०० ठोक्यांच्या वर गेली असेल, तर संभाषणातून काही निष्पन्न होण्याची शक्यता फार कमी उरते. अशा वेळी किमान २० मिनिटे थांबावे, असे ते सुचवतात.

हा आकडा हवेतला नाही. ताणाचा प्रसंग सुरू झाल्यानंतर कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखरावर पोहोचते. म्हणजे पाच मिनिटांत पाणी पिऊन परत आलेला माणूस वरवर शांत दिसला तरी त्याच्या शरीरात चढती कमान चालूच असू शकते. "आता मी शांत आहे, बोल" असे म्हणून दुसऱ्याच वाक्याला पुन्हा भडका उडतो, तो यामुळेच.

थांबण्याची पद्धत अशी असावी. थांबत आहोत हे तोंडाने सांगावे, परत येण्याची वेळ सांगावी आणि ती पाळावी: "मला आत्ता नीट ऐकू येत नाहीये. मी अर्ध्या तासाने परत येतो, मग आपण इथूनच पुढे बोलू." दुसऱ्या खोलीत जावे, श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. उच्छ्वासाच्या वेळी मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती किंचित कमी होते, म्हणून श्वास सोडण्याचा काळ लांबवण्याला अर्थ आहे. मग चालावे, भांडी घासावीत, काहीही वाचावे. एका प्रयोगात गॉटमन यांच्या चमूने भांडण मध्येच थांबवून जोडप्यांना मासिके चाळायला दिली होती. ठोके उतरल्यावर त्याच माणसांनी तोच विषय कितीतरी शांतपणे हाताळला.

*सावधान:* या वेळात मनातल्या मनात पुढचे मुद्दे तयार करत बसलात, तर विश्रांती मिळतच नाही. धोका खोलीतून निघून गेलेला असतो, पण तुम्ही तो डोक्यात पुन्हा उभा करता आणि शरीर त्याला खऱ्याप्रमाणेच प्रतिसाद देते. बाजू कितीही पक्की असली तरी ती वीस मिनिटे बाजूला ठेवावी.

*दुसरी चूक:* न सांगता उठून जाणे. जाणाऱ्याच्या दृष्टीने ते शांत राहणे असते, पण मागे राहिलेल्याला ते टाकून जाणे वाटते. २००३ साली नेओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्यात माणसांना संगणकावरील चेंडूच्या खेळातून हळूच वगळले जात असे आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण होत असे. वगळले गेल्यावर अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्सच्या वरच्या भागातील क्रियाशीलता वाढली. शारीरिक वेदनेचा त्रास जाणवण्याशीही हाच भाग जोडला जातो. अनोळखी खेळाडूंनी चेंडू न टाकणे एवढे लागत असेल, तर जवळच्या माणसाने अबोलपणे दार लावून घेणे किती लागेल, याचा विचार उठण्याआधी करावा.

भूक, अपुरी झोप आणि मद्य यांच्याबद्दल वेगळे काही सांगायला नको. या तिन्हींपैकी एक जरी असेल, तर महत्त्वाचे बोलणे दुसऱ्या दिवसावर टाकावे.

टप्पा ३: माध्यम ठरवा

शक्य असल्यास प्रत्यक्ष भेट, नसल्यास आवाज, आणि लिखित संदेश फक्त वेळ ठरवण्यासाठी, असा साधा नियम ठेवावा. लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण आणि गणिते करायला लावून ताण दिला आणि नंतर काहींना आईला भेटू दिले, काहींना आईशी फोनवर बोलू दिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांत ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडले जाणारे संप्रेरक वाढले आणि कॉर्टिसॉल उतरले. दोन वर्षांनी आलेल्या पुढच्या अभ्यासात आईशी फक्त टाइप करून बोललेल्या मुलींना तो दिलासा मिळाला नाही. त्यांची संप्रेरके आईशी संपर्कच न झालेल्या मुलींसारखी राहिली. मुलींवरचा हा निष्कर्ष मोठ्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे: धीर देण्याचे बरेचसे काम आवाज करतो.

*सावधान:* तक्रार, खुलासा आणि माफी या तीन गोष्टी लिहून पाठवू नयेत. वाचणारा त्या वाक्यांना स्वतःच्या मनःस्थितीचा आवाज लावून वाचतो.

टप्पा ४: पहिला संपर्क लहान ठेवा

बऱ्याच काळाने संपर्क साधताना लोक दोन टोके गाठतात. एक तर नुसते 'कसा आहेस' लिहून सोडून देतात, ज्याला 'ठीक' यापलीकडे उत्तर सुचत नाही. किंवा तीन पाने भरून मन मोकळे करतात, ज्याला उत्तर देणे हे समोरच्याला डोंगराएवढे काम वाटते. मधला मार्ग असा: एक नेमकी आठवण, एक साधे निमंत्रण आणि उत्तर न देण्याची मुभा.

उदाहरणार्थ: "दादा, आज कपाट आवरताना तू मला सायकल शिकवताना काढलेला फोटो सापडला. बराच वेळ बघत बसले. रविवारी सकाळी दहा मिनिटं फोन करू का? घाईत असलास तर पुढच्या आठवड्यातही चालेल." यात जुन्या वादाचा उल्लेख नाही, 'तुला वेळच नसतो' असा टोमणा नाही आणि 'मला फार एकटं वाटतं' असे ओझेही नाही. फोटोचा उल्लेख नेमका आहे, म्हणून तो खरा वाटतो.

आपला संदेश समोरच्याला नकोसा होईल ही भीती बहुतेक वेळा अवास्तव असते. २०२२ साली पेगी ल्यू आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांच्या मालिकेत असे आढळले की, आपण आठवणीने केलेला संपर्क समोरच्याला किती आवडेल, याचा अंदाज माणसे सातत्याने कमी बांधतात. आणि संपर्क जितका अनपेक्षित, तितका तो अधिक आवडतो. दीर्घ काळ गप्प राहिल्याचा संकोच वाटत असेल, तर या निष्कर्षाचा उत्तरार्ध लक्षात ठेवावा.

*तपासा:* पाठवण्याआधी संदेश मोठ्याने वाचावा. वाचताना आवाज कुठे टोकदार होत असेल, तर तो शब्द काढावा.

टप्पा ५: ऐका, आणि उत्तर द्यायला थांबा

हा सर्वांत लांब टप्पा आहे आणि त्याला काही आठवडे द्यावेत. कठीण विषय अजून काढायचे नाहीत. रोजच्या साध्या बोलण्यात ऐकण्याची पद्धत बदलणे एवढेच काम आहे.

एक प्रसंग जवळून पाहू. धाकटा भाऊ संध्याकाळी फोनवर सांगतो, "ताई, आज साहेबांनी सगळ्यांसमोर माझा रिपोर्ट परत केला." यावर सवयीने येणारी उत्तरे तीन प्रकारची असतात. "मग तू आधी नीट तपासून का नाही दिलास?" हा तपास. "जाऊ दे रे, सगळ्यांचं होतं असं" ही बोळवण. "हे काहीच नाही, माझ्या ऑफिसात तर..." ही विषयावर घातलेली झडप. तिन्ही उत्तरे प्रेमापोटीच येतात, आणि तिन्हींनंतर भाऊ "हं, चल ठेवतो" म्हणतो.

त्याऐवजी ताईने एवढेच विचारून पाहावे: "सगळ्यांसमोर? मग तू काय केलंस तेव्हा?" आणि गप्प राहावे. तो दोन वाक्ये बोलेल, थांबेल. त्या थांबण्याची घाईने भरपाई करू नये, कारण महत्त्वाची गोष्ट बहुधा त्या थांब्यानंतर येते. मग विचारावे, "अपमान वाटला, की आता पुढे काय होईल याची भीती?" तो म्हणेल, "भीती नाही गं. लाज वाटली." आता ताईला काहीही सोडवायचे नाही. त्याने स्वतःच्या भावनेला स्वतः नाव दिले आहे.

हे नाव देणे मेंदूच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. २००७ साली मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, चित्रातील चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दाने नाव देताना सहभागींच्या अमिग्डालाचा प्रतिसाद कमी झाला आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या उजवीकडील खालच्या बाजूचा एक भाग अधिक क्रियाशील झाला. इथे एक खबरदारी घ्यावी. नाव सुचवताना पर्याय द्यावेत, निकाल देऊ नये. "तू चिडला आहेस" असे ठामपणे सांगितले, तर तो चिडलेला नसला तरी आता चिडेल.

नीट ऐकणे म्हणजे काय, याचे एक मोजता येण्याजोगे चित्र उरी हॅसन यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली मांडले. एक व्यक्ती आपला अनुभव सांगत असताना आणि इतर जण तो ऐकत असताना त्यांच्या मेंदूंचे एफएमआरआय चित्रण करण्यात आले. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतील हालचाल सांगणारीच्या मेंदूशी, बहुतेक भागांत थोड्या उशिराने, जुळत गेली. काही भागांत तर ऐकणाऱ्याचा मेंदू पुढे काय येणार याचा अंदाज बांधत अगोदरच तिथे पोहोचला होता. जितके जुळणे जास्त, तितके गोष्टीचे आकलन चांगले. न कळणाऱ्या भाषेत गोष्ट ऐकवली, तेव्हा हे जुळणे नाहीसे झाले. आवाज कानावर पडणे आणि मेंदू बोलणाऱ्याच्या मागोमाग चालणे यांतील हा फरक आहे. फोनच्या पडद्याकडे बघत "हो, ऐकतोय, बोल" म्हणणाऱ्याकडून पहिली गोष्ट घडते, दुसरी घडत नाही. म्हणून बोलण्याच्या वेळेपुरता फोन नजरेआड ठेवावा. उलटा करून समोर ठेवलेला फोनही लक्ष खेचू शकतो.

आनंदाची बातमी ऐकताना होणारी चूक याहून कमी ओळखली जाते. शेली गेबल यांच्या २००४ सालापासूनच्या अभ्यासांतून दिसते की, जोडीदाराच्या चांगल्या बातमीला उत्साहाने आणि रस घेऊन दिलेला प्रतिसाद नात्यातील समाधानाशी निगडित असतो, तर थंड किंवा शंका काढणारा प्रतिसाद नात्याला मारक ठरतो. "मला बढती मिळाली" यावर "वा, पण आता घरी यायला आणखी उशीर होणार का?" हा प्रश्न व्यवहार्य असेलही, तो दुसऱ्या दिवशी विचारावा. त्या दिवशी विचारावे, "कोणी सांगितलं? काय म्हणाले नेमकं?" माझ्या मते, ज्यांना हा संपूर्ण लेख अमलात आणणे शक्य नाही, त्यांनी एवढी एकच सवय लावून घेतली तरी घरातले वातावरण बदलू लागते.

*तपासा:* संभाषण संपल्यावर स्वतःला विचारावे, "त्याने सांगितलेली, मला आधी माहीत नसलेली एक गोष्ट कोणती?" उत्तर सापडले नाही, तर तुम्ही स्वतःच्या बोलण्याच्या पाळीची वाट पाहत होता, ऐकत नव्हता.

टप्पा ६: आता कठीण विषय काढा

पाचवा टप्पा काही आठवडे पाळल्यानंतर, आणि दुसऱ्या टप्प्यातील अटी पूर्ण होत असतानाच, साठलेला विषय काढावा. एकच विषय. दुसरा विषय सुचला तर तो कागदावर लिहून ठेवावा.

पहिली तीन मिनिटे बोलण्याचे पुढचे वळण ठरवतात. सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन यांनी १९९९ साली नवविवाहित जोडप्यांच्या वादांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात वादाच्या पहिल्या तीन मिनिटांतील भावनांवरून, पुढील वर्षांत कोणती जोडपी विभक्त होतील याचा अंदाज बांधता आला. त्यामुळे पहिले वाक्य तयार करून ठेवणे हा कृत्रिमपणा मानू नये.

"तुला घराचं काही पडलेलंच नाही. कधी म्हणून वेळेवर येत नाहीस" या वाक्यात माणसाच्या स्वभावावर निकाल आहे, 'कधीच' आहे आणि मागणी नाही. तीच तक्रार अशी मांडता येते: "या आठवड्यात तीन दिवस मुलाचा अभ्यास आणि जेवण मी एकटीनेच सांभाळलं. मी थकले, आणि मला एकटं पडल्यासारखं झालं. मंगळवार आणि गुरुवार तू सातपर्यंत येऊ शकशील का?" घटना, स्वतःची भावना आणि मोजता येईल अशी विनंती, या क्रमाने. 'मला वाटतं की तू बेजबाबदार आहेस' हे वाक्य 'मला' या शब्दाने सुरू होत असले तरी त्यात भावना नाही; तो आरोपच आहे.

जोडीदार किंवा तितकेच जवळचे माणूस असेल आणि दोघांनाही चालत असेल, तर बोलताना हात हातात घ्यावा. जेम्स कोन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ विवाहित स्त्रियांना सौम्य विजेचा झटका बसण्याची शक्यता सांगून त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. पतीचा हात धरला असताना धोक्याशी संबंधित भागांतील प्रतिसाद कमी झाला. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला, पण मर्यादित. वैवाहिक नाते जितके चांगले, तितका पतीच्या हाताचा परिणाम अधिक होता. यावरून हेही कळते की, स्पर्श हा बिघडलेल्या नात्यावरचा स्वतंत्र इलाज नाही. समोरचा आखडत असेल, तर हात मागे घ्यावा.

*सावधान:* तुच्छतेचा सूर, डोळे फिरवणे, नक्कल करणे यांपैकी काही घडले की बोलणे तिथेच थांबवून दुसऱ्या टप्प्याकडे परतावे. अशा वैराच्या सुराची किंमत शरीरालाही मोजावी लागते. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांच्या २००५ सालच्या अभ्यासात ४२ जोडप्यांच्या हातावर प्रयोगासाठी लहान फोड उठवण्यात आले होते. एकमेकांशी सातत्याने वैराने वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के वेगानेच भरल्या.

टप्पा ७: बिघडले की लवकर दुरुस्त करा

वरचे सगळे पाळूनही बिनसेल. इथे लोक 'आपले काही जमणार नाही' असा निष्कर्ष काढतात आणि सोडून देतात. आई आणि तान्ह्या बाळाच्या संवादाचे निरीक्षण करणारे एडवर्ड ट्रॉनिक यांना असे आढळले की, निरोगी जोड्यांतही दोघांचे सूर जुळलेले क्षण एकूण वेळेच्या सुमारे ३० टक्केच असतात. उरलेल्या वेळात सूर सुटतो आणि पुन्हा पकडला जातो. बाळ सुरक्षितता शिकते ती या पुन्हा पकडण्यातून. मोठ्यांच्या नात्याचे मोजमापही 'किती वेळा बिनसले' यापेक्षा 'सावरायला किती वेळ लागला' या प्रश्नाने करावे.

माफी मागताना काय केले ते नेमके म्हणावे, त्याचा समोरच्यावर काय परिणाम झाला ते मान्य करावे आणि पुढच्या वेळी काय वेगळे करणार ते सांगावे. "पाहुण्यांसमोर मी तुझ्या पगाराची थट्टा केली. तू तिथून उठून गेलास, म्हणजे ते तुला लागलं. तो विषय मी पुन्हा लोकांसमोर काढणार नाही." यापुढे 'पण' जोडू नये. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे वाक्य माफीसारखे दिसते, पण त्यात चूक ऐकणाऱ्याच्या वाटण्याची ठरते.

*सावधान:* माफी मागितल्यावर "आता झालं ना? मग हस की" असा आग्रह धरू नये. शब्द क्षणात बोलून होतात. संप्रेरके उतरायला त्यांचा वेळ घेतात.

टप्पा ८: लहान गोष्ट, पण रोज

मेंदूतील जोडण्या वारंवार एकत्र वापरल्याने पक्क्या होतात, म्हणून वर्षातून एकदा केलेल्या मोठ्या सहलीपेक्षा रोजची दहा मिनिटे अधिक उपयोगाची असतात. आधीपासून चालू असलेल्या एखाद्या दैनंदिन कामाला ही दहा मिनिटे जोडावीत: चहाच्या वेळी, रात्री दिवे मालवण्याआधी, कामावरून घरी परतताना. फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी सवयींवर केलेल्या अभ्यासात नवी कृती आपोआप घडू लागायला मध्यक ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला. एखादा दिवस चुकल्याने प्रगती फारशी बिघडली नाही, हेही त्यात दिसले. तेव्हा तीन आठवड्यांत फरक जाणवला नाही म्हणून पद्धत बदलत बसू नये.

नवी मैत्री जोडणाऱ्यांनी वेळेचा अंदाज याहून मोठा ठेवावा. जेफ्री हॉल यांच्या २०१८ सालच्या अभ्यासानुसार, ओळखीच्या माणसाशी साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणता यायला ९० तास आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास सोबत घालवावे लागतात. एकत्र काम केल्याचे तास यात फारसे मोजले जात नाहीत. एकत्र रमलेले तास मोजले जातात. वर्षभर शेजारच्या टेबलावर बसूनही सहकारी परका का राहतो, याचे उत्तर यात आहे.

घरात लहान मूल असेल, तर वरील क्रमात एक बदल करावा: त्याच्यासाठी वाट पाहू नये. रुमानियातील बुखारेस्ट येथे अनाथालयांतील १३६ मुलांवर केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात, दुसऱ्या वाढदिवसाआधी सांभाळ करणाऱ्या (फॉस्टर) कुटुंबात गेलेल्या मुलांच्या मेंदूतील विद्युत लहरी आठव्या वर्षी कुटुंबात वाढलेल्या मुलांसारख्या दिसल्या. उशिरा गेलेल्यांच्या तशा दिसल्या नाहीत. तान्ह्या मुलाने आवाज काढला, बोट दाखवले, नजर दिली की लगेच प्रतिसाद द्यावा. मोठ्यांच्या नात्यातले मतभेद मिटेपर्यंत हे काम लांबणीवर टाकता येत नाही.

दोन महिन्यांनी करायची तपासणी

प्रगती भावनांवरून मोजू नये, वागण्यावरून मोजावी. समोरचा माणूस स्वतःहून काही सांगू लागला आहे का? वाद झाल्यावर पुन्हा बोलणे सुरू व्हायला पूर्वी दोन दिवस लागत असतील, तर आता किती लागतात? न सुटलेल्या विषयावरही तुम्ही दोघे एका खोलीत बसू शकता का? यांपैकी एकाचे उत्तर जरी सुधारले असेल, तर आहे तोच क्रम चालू ठेवावा.

एकाचेही उत्तर सुधारले नसेल, तर बहुधा दुसरा टप्पा नीट पाळला गेलेला नसतो. तिथे परत जाऊन पाहावे. तोही पाळला असेल आणि तरीही प्रत्येक बोलणे त्याच जागी अडत असेल, किंवा दोघांपैकी एकाची झोप, भूक अथवा कामातले लक्ष बरेच दिवस उडाले असेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. समोरच्याने येण्यास नकार दिला तर एकट्याने जावे. एकट्यानेही पहिल्या दोन टप्प्यांवर काम करता येते.

आणि समोरून काहीच प्रतिसाद नसेल, तर दोन-तीन संदेशांनंतर थांबावे, 'दार उघडं आहे' एवढे एका वाक्यात कळवावे आणि पहिल्या टप्प्यावर परत येऊन दुसरा माणूस निवडावा.